लैंगिक शिक्षण : वर्गातले मौन आणि वस्तीने मोजलेली किंमत

विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननावरचे एक प्रकरण असते. ते आले की वर्गात काय घडते हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे गुरुजींनी पुस्तक मिटले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "हे प्रकरण सोपे आहे, घरी वाचून घ्या." मागच्या बाकावरची मुले हसली. मुलींनी माना खाली घातल्या. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि पहिल्या वर्षी मीही तेच वाक्य उच्चारले. ते उच्चारताना गुरुजींची अडचण मला कळली. परंतु एका प्रश्नाने तेव्हापासून माझा पिच्छा सोडलेला नाही. घरी म्हणजे कोणाच्या घरी?

ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, नात्यात एखादा डॉक्टर आहे, आई शिकलेली आहे, तेथे कदाचित कोणी हे प्रकरण समजावून देईलही. पण ज्या घरातील आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, जेथे शाळेत जाणारी मुलगी ही त्या घरातील अक्षर ओळखणारी पहिलीच बाई आहे, जेथे एका खोलीत सात माणसे झोपतात, तेथे हे प्रकरण कोण वाचून देणार? गुरुजींच्या त्या एका वाक्यात येथील शिक्षणव्यवस्थेचा सारा स्वभाव उतरलेला आहे. ज्याच्या घरी ज्ञान आहे त्याला ते मिळेल. ज्याच्या घरी नाही त्याने ते रस्त्यावर, शिव्यांतून आणि आता हातातल्या मोबाईलवरून गोळा करावे.

शाळेतील मुलामुलींना लैंगिक शिक्षण द्यावे की नाही हा वाद आपल्याकडे नेहमी संस्कृती विरुद्ध आधुनिकता असा मांडला जातो. एका बाजूला भारतीय संस्कृतीचे रक्षक, दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्यांचे अनुकरण करणारे. ही मांडणीच मुळात फसवी आहे. लैंगिक शिक्षणाला होणारा विरोध हा ज्ञानबंदीच्या जुन्या इतिहासाचाच एक भाग आहे. आणि ज्ञानबंदीची किंमत या देशात कोणी मोजली हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात एवढीच गोष्ट उलगडून दाखवावयाची आहे.

१. बंदी कशी आली

केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००५ मध्ये पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम आखला. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांतील मुलामुलींना शरीरात होणारे बदल, पुनरुत्पादन, एचआयव्हीची लागण आणि तीपासून बचाव यांची माहिती शिक्षकांमार्फत द्यावी अशी कल्पना होती. दोन वर्षांतच गदारोळ उठला. शिक्षकांसाठी तयार केलेल्या चित्रफलकांतील काही चित्रे अश्लील आहेत, यामुळे मुले बिघडतील, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे आक्षेप घेण्यात आले. २००७ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आदी राज्यांनी हा कार्यक्रम रोखला. या राज्यांत त्या वेळी सत्तेवर असलेले पक्ष एकच नव्हते. महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सरकार होते, तर गुजरात आणि मध्य प्रदेशात भारतीय जनता पक्षाचे. निवडणुकीत एकमेकांची उणीदुणी काढणारे पक्ष या एका बाबतीत मात्र एकमताचे निघाले.

पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने या प्रश्नाचा विचार केला. व्यंकय्या नायडू हे समितीचे अध्यक्ष होते. २००९ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने लैंगिक शिक्षणाला भारतीय समाजाच्या मूल्यांत स्थान नाही असा निष्कर्ष काढला आणि विवाहापूर्वी शरीरसंबंध अनैतिक आहे हे मुलांना शिकवावे अशी शिफारस केली.

आक्षेपांपैकी एक भाग प्रामाणिक होता हे मान्य केले पाहिजे. चित्रे वर्गात दाखवण्याजोगी आहेत की नाहीत याचा विचार करण्याचा शिक्षकांना अधिकार आहे. पण साहित्य सदोष असेल तर ते सुधारता येते, आणि ते नंतर सुधारलेही गेले. नकाशा चुकला म्हणून कोणी भूगोल हा विषयच बंद करीत नाही.

त्या कार्यक्रमात एक खरा दोष होता, आणि त्याविषयी बंदी मागणारे काहीच बोलले नाहीत. तो कार्यक्रम एड्सच्या भयापोटी जन्माला आला होता. शरीर म्हणजे रोगाचे आगर, सावध राहा, एवढाच त्याचा मुख्य सूर होता. तुझ्या शरीरावर तुझा अधिकार आहे, दुसऱ्याच्या शरीरावर तुझा अधिकार नाही, हे मूल्य त्यात मध्यभागी नव्हते. आपला आक्षेप असलाच तर तो येथे असावयास हवा होता.

२. १९३४ चा खटला

महाराष्ट्रात हा वाद २००७ मध्ये सुरू झाला असे मानणे म्हणजे आपलाच इतिहास विसरणे होय. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कामापायी त्यांना महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि ते १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवले. १९२७ या सालाचे आपल्याला महत्त्व आहे. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी ओंजळीत घेतले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृती जाळण्यात आली. या घटना एकमेकींशी जोडून कोणी पाहात नाही. मला त्या जोडलेल्या दिसतात. पाणी असो की स्वतःच्या शरीराचे ज्ञान असो, ते काहींनी घ्यावे आणि काहींनी घेऊ नये असे ठरवणारी सत्ता एकच होती.

कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला १९३१ मध्ये झाला आणि त्यांना दंड झाला. दुसरा खटला १९३४ चा. वाचकांनी पत्रातून आपल्या खाजगी लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारले होते. हस्तमैथुनाविषयी, समलिंगी आकर्षणाविषयी. कर्व्यांनी त्यांची सरळ उत्तरे दिली. ती उत्तरे अश्लील ठरवून सरकारने त्यांना आरोपी केले. या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले.

त्या वेळची बाबासाहेबांची स्थिती आठवावी. गोलमेज परिषदा नुकत्याच संपल्या होत्या, पुणे कराराची जखम ताजी होती, काळाराम मंदिराच्या लढ्याचा कडू अनुभव पाठीशी होता. अस्पृश्यांचे शेकडो प्रश्न पुढ्यात असताना लैंगिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या एका एकाकी संपादकाचा खटला घेण्याचे त्यांना काय कारण होते? राजकीय लाभ तर शून्य होता. बदनामीची शक्यता मात्र पुरेपूर होती. त्यांनी न्यायालयात मांडलेली भूमिका साधी होती. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. ज्या मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे त्याने वाचकाच्या शंकेला उत्तर द्यायचे नाही तर कशाला द्यायचे? बाबासाहेब हा खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हा एक अपवादात्मक प्रसंग होता असेही म्हणता येणार नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराविषयीचा अशासकीय ठराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे आला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले. ठराव फेटाळला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी जमलेल्या हजारो स्त्रियांना सांगितले की मुलामुलींच्या लग्नांची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका. शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या बायांपुढे, उघड्या सभेत हा विषय बोलावयास त्यांना संकोच वाटला नाही. संस्कृतीला धोका आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना आपल्याला पाश्चात्त्य तज्ज्ञांचे दाखले शोधण्याची गरज नाही, ती या कारणासाठी.

३. संस्कृती कोणाची?

लैंगिक शिक्षण आपल्या संस्कृतीत बसत नाही असे म्हणणाऱ्यांना विचारले पाहिजे की तुमच्या संस्कृतीत काय काय बसत होते?

१८९० च्या सुमारास कलकत्त्याची फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या बळजबरीने मेली. त्यानंतर १८९१ मध्ये सरकारने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. दहावरून बारा, फक्त दोन वर्षे! त्यालाही पुण्यात केवढा विरोध झाला हे इतिहासात नमूद आहे. सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा युक्तिवाद होता. त्याच्या जवळजवळ तीन दशके आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांनी येथे गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, असे त्यांनी आवाहन केले. त्या विधवा प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या होत्या. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, या दांपत्याने दत्तक घेतले. संस्कृतीने झाकून ठेवलेली गोष्ट शूद्र म्हणवल्या गेलेल्या एका जोडप्याने आपल्या अंगणात आणून वाढवली.

आता दुसरी बाजू. याच संस्कृतीत यल्लम्माच्या नावाने अजाण मुली सोडल्या जात. त्या मुली प्रामुख्याने आपल्या वस्त्यांतल्या होत्या. मुलीचे वय आठ की दहा, तिला काय कळते, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. ज्या १९३४ साली कर्व्यांना दंड झाला त्याच साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला. म्हणजे शरीराविषयी बोलणाऱ्याला शिक्षा करणारी व्यवस्था आणि मुलींची शरीरे देवाला वाहणारी प्रथा त्या साली एकाच प्रांतात नांदत होत्या. कायद्याने प्रथा संपली नाही. कर्नाटकाला १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा कायदे करावे लागले. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, देवदासी आणि जोगतिणींची सभा घेतली आणि हे जिणे सोडा असे त्यांना बजावले.

या दोन्ही बाजू एकाच सूत्रात बांधल्या आहेत. ते सूत्र बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात दाखवून दिले. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनावर. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही चाली त्या बंधनातून निघाल्या. याचा अर्थ असा की वरच्या जातीच्या बाईचे शरीर कुलुपात ठेवणे आणि खालच्या जातीच्या बाईचे शरीर सार्वजनिक मानणे ही एकाच व्यवस्थेची दोन कामे आहेत. मुलीला स्वतःच्या शरीराचे ज्ञान झाले, नाही म्हणण्याचा आणि हो म्हणण्याचा अधिकार कळला, तर ही दोन्ही कामे अवघड होतात. लैंगिक शिक्षणाची भीती येथे आहे.

४. भिंतीवरचा लाल त्रिकोण

येथील राज्यसंस्था शरीराविषयी गप्प असते हेही खरे नाही. गरिबाच्या शरीराविषयी ती मोठ्याने बोलत आली आहे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर होता. १९६८ पासून निरोधची जाहिरात सरकारने चौकाचौकांत केली. तेव्हा कोणाची संस्कृती बुडाली नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही, पण नसबंदीच्या शिबिरांत कोणाला ढकलले गेले हे आपल्या वस्त्या जाणतात. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर त्रिकोण आणि आतल्या वर्गात मौन, असा हा प्रकार आहे. गरिबाच्या शरीरावर शस्त्रक्रिया करावयास संकोच नाही. त्याला त्या शरीराचे ज्ञान देताना मात्र संस्कृती आडवी येते.

याचे ताजे आणि भयंकर उदाहरण बीड जिल्ह्यातले आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, पोटात दुखणे. त्यावर डॉक्टरने कर्करोगाचे भय घातले आणि पिशवी काढली. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून बाईलाही सुटका हवी होती. या मागे दारिद्र्य आहे, मुकादमी आहे, नफेखोर वैद्यक आहे. परंतु या बायांपैकी एकीलाही चौदाव्या वर्षी शाळेत कोणी सांगितले असते का, की गर्भाशय म्हणजे काय, ते काढल्यावर शरीराचे काय होते, डॉक्टरला कोणते प्रश्न विचारावेत? त्यांना हे प्रकरण घरी वाचून घ्यावयास सांगितले गेले होते. अनेकींच्या बाबतीत तर ते प्रकरण येण्याआधीच शाळा सुटली होती.

५. शिकवायचे काय?

लैंगिक शिक्षण म्हणजे मुलांना संभोगाची कृती शिकवणे, असा समज पसरवला जातो. वस्तुतः हे शिक्षण वयाप्रमाणे पायरीपायरीने द्यावयाचे असते. लहान मुलाला शरीराच्या सर्व अवयवांची नावे आणि नको असलेला स्पर्श ओळखणे. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना पाळी, आवाज फुटणे, वीर्यपतन यांविषयी भय नाहीसे करणारी माहिती. त्यापुढे गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, रोग कसे पसरतात. या साऱ्याच्या जोडीला मैत्री, आदर, संमती, आणि मुलगा व मुलगी यांची समानता. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत हीच चौकट आहे. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तीत असे नमूद केले आहे की अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात या समजाला पुरावा नाही.

मुले निरागस आहेत, त्यांना हे आताच कशाला, असेही म्हटले जाते. या निरागसतेचे वास्तव काय आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये, म्हणजे बंदीच्याच वर्षी, बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केला होता. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता. एका हाताने सरकारने हा अहवाल छापला आणि दुसऱ्या हाताने राज्यांनी वर्गाचे दार लावले.

येथे भाषेचाही एक प्रश्न आहे. मराठीत शरीराच्या या भागांसाठी दोनच प्रकारचे शब्द आहेत : पाठ्यपुस्तकातले संस्कृत शब्द आणि रस्त्यावरच्या शिव्या. संस्कृत शब्द वस्तीतल्या मुलीला ठाऊक नाही. शिवी तोंडातून काढली तर मार बसतो. मग तिच्यावर काही गुदरले तर तिने ते कोणत्या शब्दांत सांगावे? १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातील शब्दांनी प्रस्थापित वाचकांना धक्का बसला. जे जीवन त्या शब्दांमागे होते त्याचा धक्का त्यांना कधी बसला नव्हता. दलित साहित्याने शब्दांवरील ही बंदी मोडली. शाळेत ती अजून शाबूत आहे.

संमती म्हणजे काय, हे न शिकवल्याचा परिणाम केवळ मुलांवर होतो असे नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. घाबरून गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे देशातील सर्वोच्च न्यायपीठालाही उमगले नाही. स्त्रियांनी देशभर आंदोलन केले तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. जी गोष्ट न्यायाधीशांना कळली नाही ती चौदा वर्षांच्या मुलाला कोणी न शिकवता कशी कळावी?

मुलामुलींच्या मैत्रीविषयी शाळा बोलत नाही तेव्हा जात बोलते. २०१४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेच्या आवारातून मारीत नेले आणि ठार केले. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयात आरोपी सुटले. मुलगा आणि मुलगी एकमेकांशी बोलणे हा गुन्हा नाही, एवढा एक धडा त्या शाळेत आणि त्या गावात कधी शिकवला गेला होता काय?

२०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पॉक्सो, आज शिक्षकाला माहीत असणे अनिवार्य आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलीवरील अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. हा कायदा मुलांचे रक्षण करतो. पण सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी आपखुशीने केलेले प्रेमही तो गुन्हा मानतो. मुलीने जातीबाहेरचा मुलगा निवडला की तिच्या घरचे हाच कायदा हाती घेऊन त्या मुलाला तुरुंगात धाडू शकतात. ही गोष्ट मुलांना तुरुंगाच्या दारात कळण्यापेक्षा वर्गात कळलेली बरी.

६. आपले आपण

येथवर प्रस्थापितांचा हिशेब झाला. आता आपला.

आपल्या वस्त्यांत, आपल्या चळवळीत हा विषय किती वेळा निघतो? आपल्या सभांत स्त्रीमुक्तीवर भाषणे होतात. पण मुलीला पाळी आली की तिची शाळा, तिचे खेळणे, तिचे बोलणे आपणही आखडून टाकतो. आपल्यावर आधीच वाईट चालीचा शिक्का मारलेला, म्हणून आपण सवर्णांपेक्षा अधिक सोवळे होऊन दाखवावयाचे, ही वृत्ती शिकलेल्या दलित कुटुंबांत बळावली आहे. विटाळ हा शब्द पाहा. ज्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला विहिरीवरून हाकलले तोच शब्द आपल्यापैकी अनेक घरांत महिन्यातून चार दिवस मुलीला लावला जातो. एका विटाळाविरुद्ध महाडला जायचे आणि दुसरा घरात पाळायचा, हे कसे जमते?

बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनांतून आपल्याच घरांतील बाईचे जिणे उघडे केले. ती पुस्तके आपण गौरवाने वाचतो, त्यांवर परिसंवाद घेतो. त्यांतून निघणारे काम मात्र करीत नाही.

काम काय आहे? केंद्र सरकारने २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, प्रशिक्षण द्यावे आणि अकरा विषय शिकवावेत अशी त्याची योजना आहे; त्यांत वाढते वय, प्रजनन आरोग्य, लिंगभाव समानता, हिंसेपासून संरक्षण हे विषय आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज दूर करण्यावर भर दिला. म्हणजे कागदावर दार उघडले आहे. शहरातील महागड्या शाळा समुपदेशक नेमून त्या दारातून आत गेल्याही असतील. जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा, मागासवर्गीय मुलींचे वसतिगृह येथे कोण जाणार? कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात विचारावयास हवे की ते दोन शिक्षक कोण, त्यांचे प्रशिक्षण झाले काय, तास होतात काय. विहारात दर रविवारी जमणाऱ्या आयांपुढे एखाद्या परिचारिकेला बोलवावे. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलींची विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांचीच लग्ने आधी उरकली जातात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते.

शेवटी पुन्हा माझ्या वर्गाकडे येतो. दुसऱ्या वर्षी मी ते प्रकरण शिकवले. घाम फुटला, शब्द अडखळले, पण शिकवले. एका सहकारी बाईंनी मुलींचे वेगळे तास घेतले. वर्गाच्या कोपऱ्यात आम्ही एक पेटी ठेवली. नाव न लिहिता प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकावयास सांगितले. मुले चावट प्रश्न विचारतील अशी मुख्याध्यापकांना भीती होती. दोन-तीन तशा निघाल्याही. बाकीच्या चिठ्ठ्यांत भीती होती. रक्त गेले तर माणूस मरतो का. मी मुलगा आहे, मला मुलगी आवडत नाही, हा रोग आहे का. एका चिठ्ठीवर, वहीच्या कोपऱ्यातून फाडलेल्या कागदावर, लिहिले होते : पाळी आली म्हणजे लग्नाला लायक झाले का?

बाईंनी ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वर्गात वाचली आणि उत्तर दिले की नाही. शरीर वाढू लागले, एवढाच त्याचा अर्थ. लग्न अठरा वर्षांनंतर, आणि तेही तुझी इच्छा असेल तर. मग त्यांनी फळ्यावर चाइल्डलाइनचा क्रमांक लिहिला, १०९८, आणि सगळ्यांना तो वहीत उतरवून घ्यावयास सांगितले. ती चिठ्ठी कोणाची होती हे आम्ही शोधले नाही. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मात्र बाईंनी हजेरी घेताना मुलींची नावे नेहमीपेक्षा सावकाश वाचली. सगळ्यांनी हजर म्हटले.